भिंत क्रमांक सातचा हॅच पूर्ववत करण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
निवासस्थान दुरुस्ती विभाग.

विषय : निवासस्थान क्र. १२ मधील भिंत क्र. ७ राखण्याची मंजुरी रद्द करून नकाशात ती पुन्हा 'पाडायची भिंत' दाखवण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ३ मार्च. २) आपले मंजुरीपत्र, दि. २१ एप्रिल.

महोदय,

जी भिंत राखावी म्हणून मी आपल्या कार्यालयात खेटे घातले, तीच पाडावी म्हणून आज लिहीत आहे. आपणांस हा पोरखेळ वाटेल, म्हणून सविस्तर निवेदन करतो.

१. मी या विभागात एकतीस वर्षे आरेखक आहे. वसाहतीचे नकाशे संगणकावर आले तेव्हा भिंतींच्या पोटात रेघा भरण्याची, म्हणजे हॅचची, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती. एकाच्या तिरप्या रेघा म्हणजे राखायची भिंत, तर दुसऱ्याच्या त्याच रेघा म्हणजे पाडायची. त्या घोळात गवंड्यांनी एकदा दवाखान्याची धडधाकट भिंत पाडली. त्यानंतर आपल्या आदेशाने मी दोनशे बारा नकाशांना एकच नियम लावला : नऊ इंची भिंत राखायची, तिला तिरप्या रेघा, खोल्या मोठ्या करण्यासाठी चार इंची आडभिंत पाडायची, तिला जाळी. सर्व चार इंची भिंती एकदम निवडून मी जाळी भरली. छापील प्रत हाती आल्यावर दिसले की त्यात माझ्या घरचीही भिंत गेली आहे. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

२. माझी पत्नी अडीच वर्षे पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होती. वाचा गेली होती, डावा हात तेवढा चाले. पूर्वी ती म्हणायची, "तुम्हाला बायकोपेक्षा भिंतींची काळजी जास्त." ते काही अगदीच खोटे नव्हते. आपल्या परवानगीने मी दुपारनंतर घरून काम करू लागलो. भिंतीच्या अलीकडे माझे टेबल, पलीकडे तिची खाट. तिच्या हाताशी चमचा असे. भिंतीवर एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदलायची, तीन म्हणजे काही नको, नुसते येऊन बसा. शेवटी शेवटी तीनच जास्त येत. मी अलीकडून एकदा ठोकून "आलो" म्हणे आणि हातातली रेघ पुरी करून उठे. त्या रेघांचा आता फार पश्चात्ताप होतो.

३. भिंत जाणार हे सांगितले तेव्हा तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. बाहेरच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपल्याला तशा अवस्थेत पाहावे, हे तिला नको होते. आमच्या नव्या आरेखिकेने सुचवले, "काका, दोन क्लिकचं काम आहे. कोण बघतंय?" मी तिच्यावर उखडलो. ज्याने सर्वांना एक न्याय शिकवला, त्याने घरच्या भिंतीला गुपचूप सूट द्यावी? म्हणून रीतसर अर्ज केला. मंजुरी सात आठवड्यांनी आली. पत्नी त्याच्या आठ दिवस आधी गेली. वरातीमागून घोडे, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे कागद जास्त आणि माणसे कमी आहेत, हे मी जाणतो. मंजुरीप्रमाणे मी त्या भिंतीला तिरप्या रेघा भरल्या. तेव्हा का भरल्या, हे मला सांगता येणार नाही.

४. आता अडचण अशी की, ती भिंत उभी आहे तोवर मी टेबलापासून हलत नाही. पलीकडची खाट रिकामी आहे हे ठाऊक आहे, पण भिंतीमुळे ती दिसत नाही. कान तिकडेच असतात. परवा शेजाऱ्यांनी खिळा ठोकला, तर मी पाण्याचा पेला भरून दारापर्यंत गेलो. आत मात्र पाऊल पडले नाही.

५. तरी दोनशे बारा नकाशांतील ही एकमेव विसंगती दूर व्हावी. मी स्वतः तीन दिवस प्रयत्न केला. भिंत निवडतो, जाळी निवडतो, पुढे बोट चालत नाही. हे काम नव्या आरेखिकेकडे सोपवावे. तिला मी उगाच बोललो, हेही तिला कळावे.

६. शेवटची विनंती कोणत्याही नियमात बसत नाही. घण घालण्यापूर्वी मजुरांपैकी एकाने खाटेच्या बाजूने भिंतीवर हलकेच तीन ठोके द्यावेत. चमचा उशाशीच आहे. मी अलीकडे टेबलाशी असेन. या खेपेस लगेच उठेन. मी पलीकडे आल्यावर काम सुरू करावे.

सोबत : मूळ मंजुरीपत्र, मृत्यूचा दाखला, नकाशाची प्रत.

आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ आरेखक,
निवासस्थान क्र. १२
दि. ५ मे