हारासाठी सोडलेली जागा

सोम. ४ ऑगस्ट
लॅब बंद होऊन तीन महिने झाले. आज पहिल्यांदा साडेआठला पाय आपोआप जिन्याकडे वळले नाहीत. बावीस वर्षं सदाशिव पेठेतल्या त्या माळ्यावर बसून लोकांच्या लग्नांचे अल्बम लावले. नवरदेवांची मुरुमं पुसली, मावश्यांचे दंड बारीक केले. मी स्वतः काढलेला, खाली माझं नाव असलेला फोटो मात्र एकही नाही.
मालकांनी निरोपाला जुना कॅमेरा दिला. म्हणाले, तुमच्या हातात शोभेल. बरोबर, शोभेचीच वस्तू.
सुहास म्हणतो, आता आराम कर. नवऱ्याच्या हिशेबी आराम म्हणजे मी घरात आणि चहा वेळेवर.

रवि. १० ऑगस्ट
फोटोग्राफीच्या क्लासला नाव घातलं. पुन्हा पेठेतच, पुन्हा दोन जिने. बारा जण, त्यातले नऊ आयटीवाले. एकेकाची लेन्स आमच्या कुकरएवढी. सरांनी पांढरी शेंडी बांधलेली. विषय दिला, 'घरापासून शंभर पावलांत'. लांब जाऊ नका म्हणे, रोजचं बघायला शिका. स्वतः वर्षातून दोनदा लडाखला जातात.
ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन. प्रत्येकाचा एकच फोटो, खाली नावाची पाटी. मला ती पाटी हवी आहे. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की मला काही त्याचं विशेष नाही.

बुध. १३ ऑगस्ट
शंभर पावलं मोजली. पार्किंग, कचऱ्याचे डबे, एक खरुजलेलं कुत्रं, समोर चाललेलं बांधकाम. वॉचमनने विचारलं परवानगी आहे का. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कोणाची तक्रार करताय?" हडपसरात या वयाच्या बाईने कॅमेरा काढला की तक्रारच असणार.
वैतागून वर आले. नाना दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, नळावर उलट्या वाळत घालत होते. काठाला काठ लावून, एकसारख्या. काढला. बरा आला.

मंगळ. १९ ऑगस्ट
नानांचेच फोटो काढते आहे. माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी. तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होते, अजून जेवायला दोन मिनिटं उशीर झाला की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, माझ्याकडे नाही. सव्वीस वर्षांत आमचं बोलणं म्हणजे 'वाढू का' आणि 'पुरे'.
आता बोलतात. आज सुई ओवताना काढला. सात वेळा चुकली. म्हणाले, "आठव्यांदा जाईल, तयार राहा." गेली. मी तयार नव्हते. ते हसले. या माणसाला असं तोंडभर हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि राहतो एका घरात.
सरांना पिशव्यांचा फोटो दाखवला. म्हणाले, "प्रयत्न चांगला." म्हणजे नाही.

सोम. १ सप्टें.
गौरीजेवणाला उज्ज्वलाताई आल्या, वाघोलीहून. सुहासची मोठी बहीण. त्यांच्या मते माझ्या प्रत्येक पदार्थात एक चमचा काहीतरी कमी असतं, आज पुरणात जायफळ. नाना बाल्कनीत बनियनवर दाढी करत होते, मी फोटो काढत होते. ताईंनी पाहिलं. "वंदना, निदान शर्ट तरी घालू दे गं त्यांना. लोक म्हणतील घरात कपडे नाहीत."
नाना साबणाच्या तोंडानेच म्हणाले की लोकांना माझे कपडे तू दाखवू नकोस म्हणजे झालं. मला इतकं बरं वाटलं की पुरण दुसऱ्यांदा वाढलं. त्यांना, ताईंना नव्हे.

सोम. ८ सप्टें.
मिळाला.
दुपारी नाना बाल्कनीच्या दाराशी मेथी निवडत बसले होते. मांडीवर पेपर, बोटं हिरवी, बनियनला खांद्यापाशी भोक, अंगावर ग्रिलची सावली. मी हाक मारली, त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "उजवीकडून घेऊ नकोस, तिकडचे दात नाहीत." त्याच क्षणी बटण दाबलं. बोलता बोलता उघडं राहिलेलं तोंड, आणि डोळे थेट माझ्यावर. असं माझ्याकडे या घरात कोणी बघत नाही. रडू आलं. भाजी फोडणीला टाकली आणि कांद्यावर ढकललं.

बुध. १० सप्टें.
फोटो कॉम्प्युटरवर घेतला. सकाळभर बसून साफ केला. ग्रिलची सावली काढली. मागची वाळत घातलेली चादर काढली. मेथी, पेपर खाली कापले, छातीपासून वरचा भाग ठेवला. भोक बुजवलं, तोंड किंचित मिटवलं. हात कसा सरसर चालत होता. चार महिन्यांनी.
संध्याकाळी सरांनी पाहिला. मान हलवत म्हणाले, हाच. बारा जणांत माझा पहिला ठरला. नावाची पाटी छापायला गेलीसुद्धा.
नानांना सांगितलं, तुमचा फोटो लावणार आहेत. म्हणाले, बिल आलं तर सुहासला दे.

शुक्र. १२ सप्टें.
पेठेत जाऊन फ्रेमवाल्याकडे टाकला. लॅबचा जुना माणूस, आमची सगळी कामं तोच करायचा. पितृपंधरवडा असल्याने दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बारा बाय पंधरा सांगितली, काळी पट्टी, साधी. कामगार हडपसरलाच राहतो, जाताना घरी देईल म्हणाला. माझी फेरी वाचली म्हणून बरंच वाटलं.

मंगळ. १६ सप्टें.
मी बँकेत होते. फ्रेम आली. नानांनी घेतली, सही केली.
घरी आले तर फोटो हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला, समोर खुर्ची टाकून नाना बसलेले. फोटोला चंदनाच्या सालींचा हार. वरच्या काठावर छोटा लाल दिवा, वायरीसकट. खोक्यावर पेनाने लिहिलेलं, 'हार दुकानातर्फे'.
नाना म्हणाले, "हार वेळेवर आला. माझंच जरा मागे राहिलं."
मी काय काय बोलले आठवत नाही. दुकानदाराची चूक, प्रदर्शन, सर, सगळं एकदम. त्यांनी ऐकून घेतलं. मग सासूबाईंच्या फोटोकडे हात केला. तोही मीच केला होता लॅबमध्ये, नऊ वर्षांपूर्वी, उज्ज्वलाताईंच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून. म्हणाले, हिच्या शेजारी खिळा आहे बघ, नवा ठोकायला नको.
जेवले नाहीत. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

बुध. १७ सप्टें.
फ्रेमवाल्याला फोन केला. मनातलं सगळं बोलले, बावीस वर्षांची ओळख बाजूला ठेवून. त्याने शांतपणे ऐकलं. माफी मागितली. मग म्हणाला, "पण ताई, फोटोच तसा होता. बघितल्यावर कळतंच की. तुम्हीच तर पाठवायचा तसे."
फोन ठेवला. त्याच्या नावाने दिवसभर बोटं मोडली.

शुक्र. १९ सप्टें.
उज्ज्वलाताई आल्या. सुहासनेच फोन केला असणार, विचारलं तर बाथरूममध्ये गेला. ताईंनी हार बघितला (मी लपवला होता, नानांनी काढून दिला). ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते.
"पंधरवड्यात, वंदना? जिवंत माणसाचा?"
एवढंच. मग नानांचे कपडे भरले. मला वाटलं नाना नको म्हणतील. त्यांनी स्वतःच औषधांचा डबा पिशवीत घातला. दारात मला म्हणाले की दूधवाल्याला एक पिशवी कमी सांग. गेले.
रात्री सुहास म्हणाला, तुला काय गरज होती. मी म्हटलं गरज नव्हतीच, हौस होती. त्यालाही ते उत्तर वाटलं नाही, मलाही नाही.

रवि. २१ सप्टें.
सर्वपित्री. सासूबाईंचं पान वाढलं. कावळा आला, लगेच शिवला. त्यांचं माझ्यावाचून कधी अडलं नाही.
दुपारी मूळ फोटो उघडला. मेथीसकट. मग शेजारी माझा साफ केलेला लावला. किती वेळ बघत बसले कोण जाणे.
लॅबमध्ये आमच्याकडे हाराचे फोटो यायचे. माणूस गेला की घरचे मोबाईल घेऊन धावत यायचे, लग्नातला, सहलीतला, कोपऱ्यात उभा असलेला. आम्ही तो कापायचो. मागचं पुसायचो, सावल्या काढायचो, तोंड मिटवायचो, फाटकं बुजवायचो. डोक्यावर दोन बोटं आणि छातीखाली चार बोटं जागा सोडायची, म्हणजे हार चेहऱ्यावर येत नाही. आठवड्याला पाच-सहा तरी. डोळे मिटून करायचे मी.
नानांच्या डोक्यावर दोन बोटं जागा आहे. खाली चार. मोजली.
फ्रेमवाल्याने काही चुकवलं नाही. माणूस मेथी निवडत होता, माझ्याशी बोलत होता, आणि मी त्याला भिंतीवर नेऊन ठेवलं. आणि वर खूश झाले. स्वतःची इतकी किळस आजवर आली नव्हती.
ताईंना फोन करून हे सांगावंसं वाटलं. काय सांगणार? की तुमचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे?

मंगळ. ३० सप्टें.
सरांना म्हटलं, फोटो बदलायचा आहे, मूळचा लावू या. म्हणाले, आता कॅटलॉग छापायला गेलं, आणि खरं सांगू का, मूळच्यात फार पसारा आहे. पसारा म्हणे. रोजचं बघा सांगणारा हाच माणूस.
मागे घेतला असता. घ्यायलाच हवा होता. पण पाटी पाहिली. जाड कागद, काळी अक्षरं, माझं पूर्ण नाव. नाही घेतला.
नानांना विचारलं नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं तर काढावा लागला असता, म्हणून विचारलं नाही.

शनि. ४ ऑक्टो.
प्रदर्शन. हार, दिवा अर्थातच काढलेले. खिडकीजवळची चांगली जागा मिळाली. सुहास आला, दहा मिनिटं थांबला, चहा प्यायला, गेला.
अकरा वाजता एका गृहस्थांनी विचारलं, "वडील का? कधी गेले?" म्हटलं, आहेत. ते कानकोंडे होऊन पुढच्या फोटोकडे सरकले. जेवणानंतर आणखी दोघांनी विचारलं. तिसऱ्याला म्हटलं, वाघोलीला गेलेत. तो 'अरेरे' म्हणाला.
चारच्या सुमाराला एक म्हातारी बाई आली. नऊवारी, हातात पिशवी, रस्ता चुकून आल्यासारखी. सगळे फोटो भराभर बघत गेली. नानांच्या समोर थांबली, चपला काढल्या, हात जोडले आणि पुन्हा चपला घातल्या. तिने कोणाला काही विचारलं नाही.
सर मागून म्हणाले, "बघा, फोटो पोचतो म्हणजे हे." त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकावं असं वाटलं. हातात त्यांनीच दिलेलं गुलाबाचं फूल होतं.
पाटीचा फोटो काढायचं राहून गेलं. राहू दे.

रवि. ५ ऑक्टो.
पेपरात दोन ओळी आल्या. माझं नाव चुकीचं छापलंय. हसू आलं, खरंच.

मंगळ. १४ ऑक्टो.
वाघोलीला गेले. एकटीच, दोन बस बदलून. धूळ इतकी की पदर नाकाला लावूनच उतरले. हातात काही नव्हतं, कॅमेरा मुद्दामच घरी ठेवला. दिवाळीला तरी घरी चला म्हणायला गेले होते.
उज्ज्वलाताईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. इतकी वर्षं 'बस' म्हणत होत्या.
नाना बाहेरच्या खोलीत. इस्त्रीचा शर्ट, दुपारी दोन वाजता. काही करत नव्हते. पेपर घडी घालून बाजूला ठेवलेला. भाजी निवडायला ताई देत नाहीत म्हणे, घरात कामाला बाई आहे. मी त्यांना सगळं सांगितलं. चूक दुकानाची नव्हती, माझीच होती, मी काय कापलं, का कापलं. दोन बोटं, चार बोटं तेवढी सांगवली नाहीत.
ते ऐकत होते असं वाटलं. मग म्हणाले, "तुझा हातच तसा बसलाय. मी अजून कार्ड पंचिंगच्या आवाजाला जागा होतो, तुला काय बोलू."
रागावलेत का विचारलं. नाही म्हणाले. घरी चला म्हटलं. दिवाळीनंतर बघू म्हणाले. दिवाळीनंतर म्हणजे कधी, ते टाइमकीपरने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.
निघताना दारातच रिक्षा बुक करायला मोबाईल काढला. ठिकाणाचं नाव टाकत होते, रेंज येत नव्हती म्हणून जरा उंच धरला. सहज समोर लक्ष गेलं. नानांनी गळ्याचं बटण लावलं होतं. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, तोंड घट्ट मिटलेलं, नजर माझ्या हातातल्या मोबाईलवर. श्वाससुद्धा धरला होता बहुतेक.
मी मोबाईल तसाच धरून ठेवला.
थोड्या वेळाने, ओठ न हलवता, त्यांनी विचारलं, "झाला?"
मी म्हटलं, हो.