खिडकीतला कूलर

४ मे, रविवार

मेला! दहा दिवस घासलेला रिफ आज प्रताप नगरला वाजवला आणि दुसऱ्याच फेरीत मेला. घरी हाच रिफ माजलेल्या रेड्यासारखा अंगावर येत होता. तिथे, पिंटूच्या एसीवाल्या खोलीत, मोठ्या अँप्लिफायरवर — नुसती खडखड. ठोक्यांच्या मधे भोकंच भोकं. प्रीतमने ड्रमच्या काड्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, "पोकळ वाटून राहिला वं दीक्षा. खाली काहीच नाही." पिंटू बेसवर माझ्याच मागे मागे वाजवतो, तो बिचारा काय बोलणार!

आठ जूनला आमच्या बँडचा कार्यक्रम. पहिल्यांदा आमचं स्वतःचं गाणं वाजवायचं ठरलंय. मेटलचं गाणं उभं राहतं ते रिफवर — तोच एक वजनदार तुकडा, फिरून फिरून येणारा. तो मी रचायचा आहे. मीच हट्टाने मागून घेतलं हे काम. शंभर नकोत, एक हवा. एक!

५ मे

काही नाही.

९ मे

सकाळी सहा ते आठ वाजवते, मग लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट वाटायला जाते. हुडकेश्वरमध्ये भल्या सकाळी मेटल वाजवून अजून मार खाल्ला नाही, तो फक्त कूलरमुळे. माझ्याच खोलीच्या खिडकीत आहे तो. त्याची मोटर अशी घुमते की शेजारच्या सिंधूताईंना माझा छोटा अँप ऐकूच जात नाही.

आई आज पुन्हा बाबांवर घसरली. "साऱ्या नागपूरचे कूलर दुरुस्त करते हा माणूस, अन् घरचा बोंबलून राहिला! दिव्याखाली अंधार!" बाबांनी बशीतला चहा संपवला. "बेअरिंग गेली आहे. पाहतो," एवढंच म्हणाले.

बाबांचं सगळं असंच. सहा वर्षं झाली मला गिटार वाजवायला लागून. चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत, बंद कर असंही नाही. सकाळी खोलीत येतात, माझ्याकडे न बघता कूलरमध्ये पाणी टाकतात, औजारांची पिशवी उचलतात आणि कामावर. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं मला.

१३ मे

सापडला!! सहावी तार सैल सोडली, हाताच्या कडेने दाबली. तीन ठोके, मग मोठी रिकामी जागा, मग दोन. एवढी जागा सोडायला हिंमत लागते! आईसुद्धा दारात येऊन म्हणाली, "आज काही वेगळंच वाजवून राहिली वं."

मोबाइलवर रेकॉर्ड करून प्रीतमला पाठवला. त्याचं उत्तर — "मांगं ट्रॅक्टर चालू आहे का?" बस! मेहनत गेली खड्ड्यात, याला ट्रॅक्टर ऐकू आला. रविवारी समोर वाजवून दाखवते, मग बोल म्हणावं.

१८ मे, रविवार

दाखवला. तेच. ती मोठी जागा आली की खोलीत एसीची थंड शांतता, आणि मी मूर्खासारखी तारांवर हात ठेवून उभी. पुढच्या ठोक्याची वाट बघत!

प्रीतमचा मित्र अमोल आला होता, सहज म्हणून. सहज कुणी गिटार घेऊन येतं का? त्याने दोन मिनिटं वाजवलं. भराभर, भोकं न ठेवता. वाईट म्हणजे, चांगलं होतं. निघताना प्रीतम माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुले राग नको येऊ देऊ, पण अमोलले सांगून ठेवतो. एक तारखेपर्यंत पाहू."

२० मे

मला जमत नाही. एवढंच खरं आहे. वहीत एक्केचाळीस रिफ आहेत, सगळे घरात वाघ, बाहेर शेळी. माझ्या कानातच खोट असेल. जे मला भारी वाटतं ते जगाला फालतू वाटतं, मग मी ऐकते तरी काय? काउंटरवर आज एका बाईला दुसरीचाच रिपोर्ट दिला. बोलणी खाल्ली. तेही बरोबरच.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. प्रॅक्टिसला गेले नाही, डोकं दुखतं म्हणून कळवलं.

आईने कूलरवरून घर डोक्यावर घेतलं. बाबा म्हणाले, "बेअरिंग भेटूनच नाही राहिली, तं काय करू?" ऐन सीझनमध्ये कूलरवाल्याला बेअरिंग मिळेना! हसू यायला हवं होतं, आलं नाही.

२९ मे

सकाळीच लाईट गेली. घर एकदम गप्प. अँप बॅटरीवर चालतो म्हणून तेरा तारखेचा रिफ काढला.

घरात मेला. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर!

पुन्हा वाजवला. तेच. मग सात-वीसला लाईट आली, मोटर घुमायला लागली, आणि रिफ उठून उभा राहिला. त्या मोठ्या जागेत कूलर होता. सगळ्या रिकाम्या जागांत तोच होता, खालून एकच सूर धरून. मी भरलेला समजत होते तो रिफ अर्धा माझा, अर्धा मोटरचा. प्रीतमने सांगितलं होतं — ट्रॅक्टर!

म्हणजे एक्केचाळीस रिफांत जे काही चांगलं होतं ते एका बिघडलेल्या मोटरचं. माझी भोकं तेवढी माझी. खूप रडले. प्रीतमला लिहिलं, अमोलला घ्या.

१ जून, रविवार

गिटार विकून टाकायचं ठरवलं. पट्ट्याचा स्क्रू निघेना, म्हणून बाबांच्या पेटीतून पेचकस घ्यायला गेले. बाबा प्रत्येक सामानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख लिहून ठेवतात. तळाशी बेअरिंगची दोन पाकिटं, न फोडलेली. वर बाबांचं अक्षर — "घरचा. १२ एप्रिल."

बाबा कामावर गेलेत. पाकिटं माझ्या उशीजवळ ठेवली आहेत.

२ जून

सकाळी बाबा पाणी टाकायला आले तेव्हा पाकिटं पुढे केली. "काहून नाही बसवली?" बाबांनी बादली खिडकीच्या कडेला टेकवली.

"तू या मोटरसंगं वाजवून राहिली होती," म्हणाले. "मोटर गप्प केली असती तं तुहं गाणं लंगडं पडलं असतं. पह्यल्या दिवशीच समजलं मले." मग बादली ओतत म्हणाले, "तुमच्यात असा एकच आवाज धरून बसणारा कोणी नाही का?"

पिंटू! बेस! माझ्या मागे मागे नको, खाली एकच सूर धरून ठेव म्हणावं.

फोन लावते आहे. बाबा अजून गेले नाहीत, पलंगाच्या काठावर बसून आहेत. म्हणाले, "ते तेरा तारखेचं वाजव."