मिलगेट वॉर्डाची सत्तेचाळीस मतं

३ मार्च, मंगळवार
कचऱ्याची गाडी आज पुन्हा आली नाही. लागोपाठ दुसरा मंगळवार. कोल्ह्याने पिशवी फाडली आणि आमच्या घरातली कोंबडीची हाडं सबंध फुटपाथवर पसरली. शी! शेजारचे टॉलिव्हर कुत्रं घेऊन चालले होते. म्हणाले, "रविवारी चिकन होतं वाटतं, बिकरस्टाफ?" नागरिकाची अब्रू ही अशी रस्त्यावर.
सिटी कौन्सिलला फोन. बावीस मिनिटं बासरी ऐकली. मग लाइन कट.
निर्णय: निवडणुकीला उभं राहायचं. चौतीस वर्षं गालिच्यांचं दुकान सांभाळलं, हे शहर म्हणजे काय मोठं? बायकोला सांगितलं. ग्लेनिस म्हणाली, "उभा राहा, पण आधी छपरावरची पन्हळ साफ कर. शिडी आहे, तिथेच उभा राहा."
इतिहास घडतो तेव्हा बायका पन्हळीबद्दल बोलतात.

१२ मार्च
टाउन हॉल. जिन्यात ओल्या कोटांचा वास. निवडणूक कचेरीत मिस ओकली म्हणून एक बाई आहेत, तोंडात पेपरमिंट. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, मी न विचारता.
शहराचे अकरा वॉर्ड. प्रत्येकी तीन नगरसेवक, एकूण तेहतीस. पण तिघं एकदम निवडत नाहीत. दरवर्षी एकेक जागा, आणि चौथ्या वर्षी सुट्टी, कारण तेव्हा काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, निवडणूक असते. म्हणजे घाण तीन हप्त्यांत उपसायची. बिनडोक पद्धत.
म्हटलं, मला थेट कौन्सिलचा प्रमुख, म्हणजे लीडर व्हायचंय. बाई म्हणाल्या, "लीडर लोक निवडत नाहीत. नगरसेवक आपापसात निवडतात, एकोणीस मेच्या सभेत. निम्म्याहून जास्त मतं लागतात. सतरा धरून चाला."
"आणि मेयर?"
"मेयर गळ्यात साखळी घालतात, सभा चालवतात आणि फिती कापतात. एक वर्ष."
मेयरपद नको. मान दुखते.
योजना: सात मेला जिंकणे. एकोणीस मेला लीडर. मधल्या बारा दिवसांत इतर सोळा जणांना पटवणे. किरकोळ.

३० मार्च
अर्जावर सूचक आणि अनुमोदक लागतात, दोघंही वॉर्डातलेच. ग्लेनिसने सही केली. माझ्याकडे न बघता केली, पण केली. दुसरी सही टॉलिव्हरची. त्यांची अट: पत्रकात कुत्र्यांच्या घाणीबद्दल अवाक्षर नको. त्यांच्या त्या प्राण्याने गेल्या आठवड्यातच आमच्या फाटकाशी जे करून ठेवलं ते मी स्वतः खरवडलं. पण राजकारणात लवचिकपणा लागतो. मुद्दा क्रमांक एक गाळला.
मिस ओकलींनी अर्ज तपासला. पक्षाच्या रकान्यात मी "स्वच्छ, स्पष्टवक्ता, निष्कलंक" असं लिहिलं होतं. त्यांनी तिन्ही शब्दांवर काट मारली. "पक्ष नसेल तर फक्त 'अपक्ष' लिहा, नाहीतर कोरं सोडा."
म्हणजे या शहरात निष्कलंक असणं बेकायदा आहे.
चांगली बातमी: मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने. बिकरस्टाफ सर्वांत वर! त्याखाली निळ्या पक्षाचा क्रॉली, पिवळ्यांची कोणी मेबरी, आणि तळाला लालांची मॉड टेटलो, बावीस वर्षं खुर्चीला चिकटलेली. नियतीचा कौल स्पष्ट आहे.

८ एप्रिल
रंगाची अडचण. लाल, निळा, पिवळा, हिरवा, सगळे वाटून घेतलेत हरामखोरांनी. ग्लेनिसने पडद्याच्या उरलेल्या कापडाचा बिल्ला शिवून दिला. वांग्याचा रंग. छातीवर लावला की जखम झाल्यासारखी दिसते.

१४ एप्रिल
पत्रकवाटप. माझ्या शहरातल्या लोकांच्या दारांना हात लावायची वेळ आली. पत्रपेट्यांच्या फटीत काय काय चिकटलेलं असतं ते लिहवत नाही. एका फटीतून बोटं आत गेली आणि आतून कोणीतरी चावलं. कुत्रं होतं असं गृहीत धरतो.
टॅनर्स कोर्ट इमारतीतल्या कौन्सिलच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मिसेस हॅलोरन नावाच्या विधवा बाईने आत बोलावलं. चहा. बिस्किटं मऊ पडलेली. झोपायच्या खोलीत बुरशीचा काळा डाग छतापासून पलंगापर्यंत उतरलाय. बाईंना दमा. बोलताना मध्येच थांबून श्वास घेतात. तो वास अजून नाकातून जात नाही.
विचारलं, तुमच्या नगरसेविका काय करतात? म्हणाल्या, "मॉड येते हो. फॉर्म भरते, भांडते. तीनदा माणूस आला, रंग मारून गेला. चौथ्यांदा भांडतेय आता."
म्हटलं, "बावीस वर्षं फॉर्मच भरतेय! मला निवडून द्या. शुक्रवारी निकाल, सोमवारी काम सुरू."
बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सोमवारी?"
"सोमवारी," म्हटलं. लोकांशी असं ठामपणे बोलावं लागतं. सबंध इमारतीत हेच सांगत फिरलो.

१५ एप्रिल
टॅनर्स कोर्टच्या जिन्यात टेटलोबाई भेटल्या. एकाहत्तर वर्षं, गुडघ्याला पट्टा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. मला वाटलं भांडतील. म्हणाल्या, "रॉलंड बिकरस्टाफ ना? तुमचं पत्रक वाचलं. छपाई छान आहे."
घाबरल्या आहेत.

२३ एप्रिल
चर्चच्या हॉलमध्ये उमेदवारांची जाहीर सभा. श्रोते नऊ, त्यातले दोघं खुर्च्या लावणारे. क्रॉली आलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, घरं भाड्याने लावून देतो. त्याचा नुसता फोटो आला.
मी रस्त्यावरच्या खड्ड्यांवर चाळीस मिनिटं बोललो. आवाज लागला होता. शेवटी टेटलोबाई उठल्या आणि म्हणाल्या, "सुरेख बोललात. फक्त रस्ते आपल्याकडे नाहीत, ते काउंटीकडे. शाळा काउंटीकडे. नळ पाणी कंपनीकडे, आणि बस कोणाकडे आहे ते देवालाच ठाऊक. आपल्याकडे कचरा, कौन्सिलची घरं, बांधकामाच्या परवानग्या, बागा आणि दफनभूमी."
हॉलमध्ये कोणीतरी हसलं. खुर्चीवाल्यांपैकीच.
घरी येऊन पत्रक तपासलं. नऊ आश्वासनांपैकी सात दुसऱ्याच कोणाच्यातरी हातातली. आठवं पंतप्रधानांच्या. नववं म्हणजे कबुतरं, त्यांच्यावर कोणाचाच ताबा नाही.
ग्लेनिसला म्हटलं, हे मुद्दाम असं ठेवलंय, सामान्य माणसाला कळू नये म्हणून. ती म्हणाली, "मला माहीत होतं की. टॅक्सच्या बिलामागे छापलेलं असतं."
चौतीस वर्षांच्या संसारात हे तिने आधी का सांगितलं नाही?

२ मे
निवडून येणारच, तेव्हा मंत्रिमंडळाची तयारी. कौन्सिलमध्येही कॅबिनेट असतं. लीडर आठ-नऊ जण निवडतो: एकाकडे घरं, एकाकडे पैसा, एकाकडे कचरा. त्यांच्या चुका काढायला एक तपास समिती असते, तिचं काम मागून बोलणं. ती ग्लेनिसला छान जमली असती.
कचरा मी स्वतःकडे ठेवतो.

७ मे, गुरुवार. मतदान
सकाळी सातला केंद्राच्या दारात वांगी बिल्ला लावून उभा. पावसाची भुरभुर. नाव विचारून अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं. म्हटलं, "मी उमेदवार आहे. तुमच्या हातातल्या कागदावर सर्वांत वर कोण आहे? तोच मी."
"फोटोवालं ओळखपत्र, साहेब."
लायब्ररीचं कार्ड दाखवलं. मागची रांग चुळबुळली. घरी जाऊन पासपोर्ट आणला. अपमान पोटात ठेवून मत दिलं. मला.
दिवसभर लोकांचे चेहरे वाचले. जो माझ्याकडे बघून हसतो तो माझा. जो नजर चुकवतो तो लाजतोय, म्हणजे तोही माझाच. या हिशेबाने नऊशे.

८ मे, शुक्रवार. मोजणी
शहराच्या क्रीडागृहात बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडलेली. मोज्यांचा जुना वास. आधी फक्त पत्रिका मोजतात, मग गठ्ठे लावतात. माझा गठ्ठा बारीक होता. मला वाटलं, कागद पातळ आहे.
संशयास्पद मतपत्रिका उमेदवारांना दाखवतात. एकीवर सगळ्या नावांपुढे "शी!" लिहिलेलं. बाद. दुसरीवर माझ्या नावापुढे लिहिलेलं: "हाच का तो, फाटकातून कुत्र्यांवर ओरडणारा?" आणि शेजारी मताची फुली. क्रॉलीचा माणूस म्हणाला, बाद करा, हा प्रश्न आहे, मत नाही. मी जोरात भांडलो: मतदाराने मला ओळखलंय, फुलीही केलीय, आणखी काय हवं? निवडणूक अधिकाऱ्याने चष्मा वर केला. "हेतू स्पष्ट आहे. वैध." माझ्या राजकीय जीवनातला पहिला विजय.
निकाल: क्रॉली ६४०. टेटलो ६११. मेबरी १८८. बिकरस्टाफ ४७.
टेटलोबाईंनी क्रॉलीशी हात मिळवला आणि पिशवी उचलून गुडघा सावरत निघाल्या. दाराशी कौन्सिलच्या तीन कामगारांनी त्यांना मिठ्या मारल्या. मला वाटलं, चला, जनतेने निदान बावीस वर्षांची सत्ता तरी उलथवली.
सत्तेचाळीस हा पाया आहे.

९ मे
ग्लेनिस सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली, "सहाशे चाळीसातून सहाशे अकरा गेले, उरले किती?"
"एकोणतीस."
"आणि तुला मिळाली सत्तेचाळीस. त्यातली बहुतेक कुठली?"
सगळ्यांना माहीत आहे. मोजणीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या लालांच्या माणसाने कोणत्या पेटीतून कोणाला किती मतं निघतात याच्या कागदावर खुणा केल्या होत्या. टॅनर्स कोर्ट.
टोस्ट कडू लागला.

११ मे, सोमवार
सव्वानऊला फोन. मिसेस हॅलोरन. "साहेब, आज सोमवार. माणसं किती वाजता येणार?"
त्यांना सांगितलं, मी पडलो. त्या म्हणाल्या, "हो, वाचलं. पण मी तुम्हालाच दिलं होतं. आम्ही सगळ्या मजल्याने दिलं. म्हटलं, मॉड काय, ती तर येतेच निवडून." मग खोकला. बराच वेळ खोकला. "मग आता कोणाला सांगू?"
म्हटलं, नवे नगरसेवक क्रॉली. बाई म्हणाल्या, तीनदा फोन केला, मशीन बोलतं.
फोन ठेवल्यावर स्वतःची जी किळस आली तशी कोल्ह्याने फाडलेल्या पिशवीचीही आली नव्हती. हे लिहायला नको होतं. लिहिलं.

१३ मे
स्वतःच लढायचं ठरवलं. घरांच्या खात्यात गेलो. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "तुम्ही भाडेकरू?" नाही. "नातेवाईक?" नाही. "नगरसेवक?"
"जवळजवळ," म्हटलं.
पुढच्या माणसाला बोलावलं त्याने.

१९ मे, मंगळवार
आज मी लीडर होणार होतो. प्रेक्षक गॅलरीत बसलो. लाकडी बाक, पुढे कठडा, खाली लाल झग्यात साखळी घातलेला मेयर. लीडर निवडायला चार मिनिटं लागली. सगळं आधीच ठरलेलं, हात वर, हात खाली. मग समित्या वाटल्या, ज्या पक्षाचे जितके नगरसेवक त्या प्रमाणात खुर्च्या. क्रॉलीला घरांच्या समितीवर बसवलं. तो फोनमध्ये बघत होता. नाव घेतलं तेव्हा शेजाऱ्याने कोपर मारलं.
उठून ओरडलो, "टॅनर्स कोर्टच्या बुरशीचं काय?"
मेयर म्हणाले, नागरिकांचे प्रश्न पाच दिवस आधी लेखी द्यायचे असतात, कृपया बसा. शिपायाने दार उघडून धरलं. फार सभ्यपणे. त्याच्या त्या सभ्यपणाचाच जास्त संताप आला.

२१ मे
शेवटी टेटलोबाईंच्या घरी गेलो. पाच पायऱ्या चढायला दहा मिनिटं लागली. दार त्यांनीच उघडलं. शिव्या देतील म्हणून मान खाली घालून उभा राहिलो. "आत या," म्हणाल्या, "पाय पुसून."
आत मिसेस हॅलोरन आधीच बसलेल्या होत्या, हातात गरम चहा. टेबलावर तोच कागदांचा गठ्ठा. टेटलोबाई पुन्हा फोनकडे वळल्या: "नाही रे बाबा, नगरसेविका नाही, नुसती मॉड. हो, तीच. मंगळवारी इन्स्पेक्टर पाठव, नाहीतर मी येऊन तुझ्या टेबलाशी बसेन." फोन ठेवला. मंगळवारी येतोय.
मी पुढे होऊन कागद लावायला घेतले, तारखेप्रमाणे. दुकानात बिलं लावायचो तसे. हे मला येतं. टेटलोबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, "नीट लावता की."
वाटलं, आता युती व्हायला हरकत नाही. सांगितलं की पुढच्या मे महिन्यात वॉर्डातली दुसरी जागा रिकामी होते. अनुभव त्यांचा, वक्तृत्व माझं. मी उभा राहिलो तर—
"मी राहणार आहे त्या जागेवर," म्हणाल्या. "रॉलंड, तुम्हाला खरंच मदत करायचीय का मला?"
"अर्थात!"
"मग एवढंच करा. उभे राहू नका."
मी त्या वेळी गठ्ठा हातात घेऊन उभाच होतो. मिसेस हॅलोरनने शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली.
बसलो.