हो बाई

३ मार्च, सोमवार

झालं, एकदाची येऊन पडले इथे. आणि खोटं कशाला बोलू, घर बघून जीव भांड्यात पडला. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, मला वेगळी खाट, खिडकीशी छोटं टेबल, आणि नळ सोडला की गरम पाणी! आया पुरवणाऱ्या आमच्या सेंटरच्या मॅडमनी उगाच घाबरवलं होतं. म्हणे बाई कडक आहेत, आधीच्या दोघी आठ दिवसांत पळाल्या. मी म्हटलं, मॅडम, मी सासू पचवलीय, बाईंचं काय घेऊन बसलात.

बाई म्हणजे ज्यांना सांभाळायचं त्या. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली पंधरा मुख्याध्यापिका. अजून पाठ ताठ आणि आवाज असा की मी नकळत उभीच राहिले. त्यांची मुलगी परगावी असते, मला सगळं दाखवायला म्हणून थांबली होती. म्हणाली, बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आई एकटीच. तब्येत ठणठणीत, पण हल्ली विसरायला लागलीय. माझं काम साधं. इंजेक्शन, ड्रेसिंग असलं काही नाही. आंघोळीला हात द्यायचा, केस विंचरायचे, जेवू घालायचं, फिरवून आणायचं, सोबत करायची. आणि रोज काय विसरल्या ते सेंटरच्या नोंदवहीत लिहायचं. ती वही वेगळी. ही माझी, हिच्यात मनातलं.

सात वाजता बबडीला फोन केला. तिचा पुढचा दात पडला म्हणे, तोही नेमका मी नसताना! सहा वर्षांचं लेकरू अक्काकडे ठेवून आलेय. अक्का सख्खी बहीण, जीव लावते, पण आई ती आई. तीन महिने नेटानं काढले की मॅडम मला दिवसपाळी देणार आहेत. मग एक खोली बघायची आणि मायलेकींनी एकत्र राहायचं. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

६ मार्च, गुरुवार

बाई कडक आहेत पण लबाडही आहेत. सकाळपासून वार कोणता ते पाच वेळा विचारलं. पाचव्यांदा मी हसले, तर म्हणतात कशा, तुझी परीक्षा घेत होते. कपाटाची किल्ली साखरेच्या डब्यात सापडली. स्वेटर आधी चढवला आणि गाऊन त्याच्यावरून. कात्री हवी होती, शब्द आठवेना. मग ते कापायचं, ते कापायचं असं बोटांनी करून दाखवलं आणि माझ्यावरच खेकसल्या.

ट्रेनिंगमध्ये मॅडम सांगायच्या, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं म्हणजे म्हातारपण, चष्मा कशाला असतो ते विसरलं तर वहीत लिहा. मी लिहितेय. पण आज कोपऱ्यावरून परत येताना बाई शेजारच्या इमारतीच्या फाटकाशी थांबल्या आणि पुढे जाईनात. जन्मभर पोरांना नकाशे शिकवणारी बाई, आणि स्वतःचं दार ओळखेना. चेहरा जत्रेत चुकलेल्या पोरासारखा झाला. मी हात धरला तर घट्ट धरून ठेवला. वाईट वाटलं गं फार.

मॅडमचा मुख्य नियम असा की वाद घालायचा नाही. दुरुस्त करायचं नाही. त्या ज्या जगात असतील तिथे आपण जायचं. मला सोपं आहे. त्यांना जन्मभर ‘हो बाई’ ऐकायची सवय आणि मला म्हणायची.

घर आवरायला काहीच नाही. माझी खाट-टेबल सोडलं तर एक पलंग, एक कपाट, जेवणाचं एक टेबल आणि त्याला तीन खुर्च्या.

१० मार्च, सोमवार

आज स्वतःचंच हसू आलं. दुपारी झोपायला जाताना बाई टेबलाशी अडल्या. चौथी खुर्ची कुठाय म्हणाल्या. मी म्हटलं, हो बाई, चारच आहेत. त्या समाधानानं झोपल्या. तासाभरानं उठल्या, मी चहा घेऊन आले, तर टेबलाला चार खुर्च्या. चौथीही तितकीच जुनी, बैठक खचलेली. मला वाटलं मी मेलीनं नीट मोजल्याच नसतील. पण वही चाळली, सहा तारखेला मीच लिहिलंय. तीन. जाऊ दे. शेजारच्यांनी आणून ठेवली असेल.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी बाई म्हणाल्या, हे आज घरीच जेवणार आहेत, ताट घे. हे म्हणजे त्यांचे मिस्टर. मी म्हटलं, हो बाई, घेते. ताट वाढून झाकून ठेवलं, बाईंना निजवलं आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

खाली आले तर बाई उठून बसल्या होत्या. ताट धुऊन पालथं घातलेलं. न्हाणीघरात कुणीतरी खाकरलं.

चौथ्या खुर्चीत आता एक म्हातारा बसलाय. केस ओले, पाय अनवाणी. बोलत नाही. बाई काहीही म्हणाल्या की मान डोलावतो.

मी चहाचे दोन कप केले. काय करणार होते दुसरं?  बशीत सांडलेलाही तो प्यायला.

१५ मार्च, शनिवार

मुलीला फोन केला. म्हटलं ताई, घरात एक परका माणूस आहे, तुमचे बाबा म्हणून बसलाय. ती आधी हसली, मग चिडली. म्हणाली, बाबा नाही तर कोण असणार घरात, त्यांच्याही पथ्याचं मी सांगितलं होतं की तुम्हाला. मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना नऊ वर्षांपूर्वी गेले?  तर ती म्हणाली, असलं अभद्र बोलायचं असेल तर सेंटरला कळवते.

वही उघडली. तीन तारीख. बाबा नऊ वर्षांपूर्वी गेले. माझंच अक्षर, माझीच शाई. म्हणजे मी वेडी नाही. सगळं बदललं तरी या वहीतलं बदलत नाही. बाईंना ही वही माहीतच नाही, म्हणून असेल.

दोन्ही वेळा असंच झालं. बाई म्हणाल्या, मी हो म्हटलं, बाई झोपल्या, आणि उठल्या तेव्हा ते खरं झालं होतं.

आधीच्या दोघी का पळाल्या ते आता कळलं. मी पळाले तर सेंटर पुन्हा दारात उभं करणार नाही. मग बबडीला कधी आणणार?

१७ मार्च, सोमवार

आज ‘नाही’ म्हणून बघितलं. बाई, आजोबा गेलेत, हे आजोबा नाहीत. बाईंनी कप भिंतीवर फेकला, ऊर बडवून घेतलं, लहान पोरासारख्या रडल्या. म्हातारा मान डोलावत राहिला. झोपून उठल्या तरी तो तिथेच. माझ्या ‘नाही’नं काही होत नाही. फक्त ‘हो’नं होतं.

मॅडमना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, नवीन मुलींना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असे भास होतात, झोप काढत जा, आणि दुरुस्त करायचं नाही हे किती वेळा सांगायचं.

कानाला खडा. आजपासून ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. बघू बाई. असेल बाई. एवढंच.

२० मार्च, गुरुवार, सकाळचे साडेदहा

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

बाईंचे केस विंचरत होते. गुंता झालेला, माझं सगळं लक्ष गुंत्यात. बाई मजेत होत्या. कायकाय विचारत होत्या, पाणी तापलं का, ऊन आलं का. मी हो बाई, हो बाई करत होते. तेवढ्याच सुरात म्हणाल्या, तुला मूलबाळ नाही ना काही, बरं आहे, मोकळी आहेस.

मी म्हटलं, हो बाई.

कंगवा हातातच राहिला.

अकरा वाजता

अक्काला फोन लावला. बबडी शाळेत गेलीय, चारला येईल. आहे. अजून आहे.

बाईंच्या पाया पडले. म्हटलं, बाई, एकदा म्हणा, तुला मुलगी आहे. फोनवरचा फोटो दाखवला. छान आहे म्हणाल्या, कुणाची? माझी, बाई, माझी! तर म्हणतात, चल, तुझी कशी असेल, तुला कुणी नाही, आताच तर म्हणालीस तू.

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. वार आठवत नाही. आणि एवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. माझं नशीब!

दीड

झोपू द्यायचं नाही. साधी गोष्ट. झोपल्याच नाहीत तर उठणार कशा.

इथून अक्काकडे एसटीनं सात तास. वाटेत असताना इकडे त्या झोपल्या तर? मग जाऊन काय उपयोग. इथेच बसायचं.

अडीच

पेंगतायत. मी रेडिओ मोठा केला. चालवते आहे, या खोलीतून त्या खोलीत. पाय दुखतात म्हणतात. तोंडावर पाणी मारलं. दंडाला धरून हलवलं, जोरात. दंडावर माझी बोटं उमटलीत. मी हे — मी माणसं सांभाळते — मी असं कधी कुणाला —

माफ करा बाई. बसू नका. चला.

सव्वाचार

बबडीचा फोन. शाळेत हत्ती काढला म्हणाली, वर्गातल्या बाईंनी चांदणी दिली. सोंडेचा रंग कुठला ते सांगत होती. मी ऐकत होते. डोळे मिटून ऐकत होते —

बघितलं तर बाई खुर्चीत. मान खाली. घोरतायत.

चार वीस

फोन चालू ठेवायला सांगितलाय. बबडी, बोलत राहा. काहीही बोल.

आता उठू द्यायचं नाही. रेडिओ बंद. पंखा बंद. आवाज करायचा नाही.

त्या उठल्याच नाहीत तर.

कधीच.

चार पंचवीस

उशी माझ्या हातात आहे. पलंगावरून कधी उचलली —

म्हातारा बघतोय. मान डोलावतोय.

फोनमध्ये ती गाणं म्हणतेय. एका कडव्याशी अडते, पुन्हा पहिल्यापासून. आई ऐकतेस ना.

बाईंचं तोंड उघडं. किती लहान दिसतात झोपेत. काठीसारखे हात. दंडावर माझी बोटं —

नाही. नाही होणार माझ्यानं.

उशी मानेखाली ठेवली. मान अवघडली होती त्यांची.

बबडी, गं माझी —

पापण्या हलतायत

२१ मार्च, शुक्रवार

बाई काल जेमतेम पंधरा मिनिटं झोपल्या. तरी उठल्यावर ताज्यातवान्या. दंडावर काळेनिळे डाग, कशाने ते कळत नाही. सेंटरच्या वहीत लिहिलं.

काल संध्याकाळी सात वाजता फोन हातात घेतला. कुणाला लावायचा होता ते आठवेना. बराच वेळ तशीच उभी होते. मग रडू आलं. कशाचं ते कळेना. काही झालेलं नाही, बरं चाललंय.

आज ही वही वाचली. अक्षर माझं. एका मुलीबद्दल लिहिलंय. बबडी. पुन्हा पुन्हा वाचलं, चेहराच डोळ्यांपुढे येत नाही. फोनमध्ये फोटो नाही. अक्काला विचारलं. कोण बबडी म्हणाली, आणि मग, तू बरी आहेस ना गं?

पण वहीतलं बदलत नाही, असंही माझ्याच अक्षरात आहे. उशी मानेखाली ठेवली असं आहे. कुणासाठी उचलली होती? मी उगाच कुणाच्या अंगावर उशी घेऊन जाणारी बाई नाही. म्हणजे कुणीतरी होतं. मी आठवणीवर नाही, अक्षरावर विश्वास ठेवणार.

संध्याकाळी

बाई पाठीशी कधी आल्या कळलं नाही. मी वाचतच होते. त्यांनी वाकून पाहिलं. म्हणाल्या, कुणाची वही ही, तुझी नाही ना? रिकामीच दिसते.

मी म्हटलं —

सवय मेली. सवय.

खुर्चीत बसल्यात. जांभया देतायत. उठवायला जाऊ की लिहू? लिहिते. मिटलं तर मिटलं, दुसऱ्या कागदावर — भिंतीवर — हातावर लिहीन. नाव बबडी. वय सहा. पुढचा दात नाही. हत्ती काढते. अक्काकडे असते. मला एक मु