बटलर पडद्याबाहेर येतो

९ जून १९५८, मेलबर्न
हसायचं काम नाही. ‘फक्त एकच वाक्य’ म्हणे! अख्ख्या नाटकात बटलर एकदाच तोंड उघडतो, म्हणजे लोक त्याचीच वाट बघणार, एवढं कळत नाही? बावीसला, रविवारी, टेलिव्हिजनवर. लाइव्ह. आधी आमचं नाटक, लगेच त्याच स्टुडिओतून गाणं. माझं वाक्य : बाईसाहेब, गाडी आली.
जिलाँगला बाबांना त्यांच्या मटणाच्या दुकानात फोन केला. मागे कुणीतरी चॉप्स मागत होतं. म्हणाले, टीव्हीवर दिसलास तर जन्मात दुकानाचं नाव काढणार नाही. नाही दिसलास तर सोमवारी एप्रन बांधायचा आणि आयुष्यभर सॉसेज वळायचे. कबूल केलं. सोपं आहे.

१२ जून
संकल्प : रोज पहाटे उठून वाक्याचा रियाज. आज केला. घरमालकीण मिसेस स्कली दार बडवून म्हणाली, कळलं रे बाबा गाडी आली, आता बस तरी तिच्यात! अरसिक.

१३ जून
रियाज नाही. थंडी. घसा जपतोय.

१७ जून
तालीम. डायरेक्टर हॅडो, टायवर सॉसचा डाग. म्हणाला, लिंडसे, किंचाळू नकोस, इथे शेवटची रांग नाहीये. मी विचारलं, मग प्रेक्षक बसतात कुठे? म्हणाला, घरी. जेवत.
हे काही पटलं नाही. जिलाँगच्या हॉलमध्ये माझा आवाज बाल्कनी ओलांडून रस्त्यावर जायचा.
कॅमेऱ्यावर लाल दिवा लागला की तो चालू, हे समजून घेतलं. कोपऱ्यात लाल मखमली पडदाही टांगलाय. कशासाठी, ते विचारलं नाही. पडदा कशासाठी असतो हे मला शिकवायला नको.

२० जून
बाबांचा फोन. टीव्ही त्यांच्या शेजारी, पॅस्कोकाकूंकडे आहे. सगळी गल्ली तिथे बोलावलीय. घाबरलेले दिसतात.

२२ जून, दुपार
एक सुधारणा सुचली. वाक्याआधी थांबायचं. भरपूर. हॅडोला सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगून होत नाहीत.

२२ जून, नंतर
थांबलो. असा थांबलो की स्टुडिओत श्वास ऐकू येईना. मग वाक्य. टाळ्या नाहीत. साहजिक आहे, घरी होते.
नाटक संपलं आणि बाकीचे नट बूट हातात घेऊन चवड्यांवर पळाले. ही काय पद्धत? नाटकानंतर पडद्यापुढे येऊन वाकायचं कोणी? शेवटी मीच मखमली पडद्याआड गेलो, फटीतून बाहेर आलो आणि वाकलो. उजवीकडे. डावीकडे. बाल्कनीकडे. समोर लाल दिवा! शेजारी एक धिप्पाड बाई गात होत्या, का ते कळेना. फ्लोअर मॅनेजर रांगत आला आणि माझा पाय ओढायला लागला. भारावला असेल. त्याच्यासाठी पुन्हा वाकलो.

२३ जून, जिलाँगच्या गाडीत
सकाळी हॅडो म्हणाला, तू इतका थांबलास की आम्हाला वाटलं विसरलास. कॅमेरा हलवला, माइक हलवला. तुझं वाक्य ऑस्ट्रेलियात कुणीही ऐकलं नाही. गाणं मात्र सगळ्यांनी पाहिलं. परत येऊ नकोस.
हेवा वाटतो लोकांना.
मग बाबांचा फोन. म्हणाले, दिसलास बुवा! पॅस्कोकाकू हसता हसता खुर्चीवरून खाली. मी हरलो, दुकानाचं नाव काढणार नाही. शब्दाचे पक्के. खरंच नाही काढलं. एवढंच म्हणाले, सकाळपासून बायका विचारतायत, तो वाकणारा पोरगा कधी येणार? आणि एप्रन धुऊन टांगलाय.
विचार केला. बाबांच्या दुकानाला समोरून मोठी काच आहे. टीव्हीपेक्षा कितीतरी मोठी. वर दिवा. आणि प्रेक्षक समोर उभे.
बॅग घेतली. जिन्यात मिसेस स्कली काहीतरी झोंबणारं बोलायला तोंड उघडून उभी. म्हटलं, बाईसाहेब, गाडी आली.
या वेळी थांबलो नाही.