फेरीच्या रांगेत पहिला नंबर

२ एप्रिल
आज परत उशीर. चूक फेरीबोटीची. साडेसहाच्या फेरीत बावीस गाड्या मावतात, यार्लेची तेविसावी, आणि मी त्याच्याच गाडीतून कामाला जातो. मी म्हटलं, यार्ले, लवकर निघत जा रे. तर म्हणे, एस्किल, तुझ्या दारात अकरा मिनिटं हॉर्न वाजवत होतो. लोकांना दुसऱ्यावर ढकलायची सवयच असते.

पलीकडे मासळीच्या कारखान्यात गुनवोर दारातच उभी. ती आमची सुपरवायझर. म्हणाली, दोनदा झालं. तिसऱ्यांदा उशीर झाला की पॅकिंग बंद, थेट बर्फखाना. बर्फखान्यातल्या माणसांची नाकं लाल होतात ती लालच राहतात. माझं नाक चांगलं आहे.

३ एप्रिल
परवाच्या माझ्या एप्रिल फूलच्या कागदाचं अजून नाव निघतंय. धक्क्यावर चिकटवला होता: ‘आजपासून बोगदा सुरू, फेरी बंद.’ खाली शिक्का पण, बटाट्याचा. तीन म्हाताऱ्या झेंडे घेऊन बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसल्या. एकीने तर वॅफल्स करून नेल्या. यार्ले दोन तास गाडी चालू ठेवून उभा. म्हणाला, बघतो तुला.

बोगदा समुद्राखालून खणतायत. आजोबांच्या लग्नाला पाहुणे त्यातूनच येणार होते म्हणे. तारीख चारदा पुढे गेली. आपण काही बघत नाही बोगदा.

११ एप्रिल
आयडिया. मोटरसायकलवाले रांगेत थांबतच नाहीत. फेरीवरचे ओडव्हारकाका हात करतात, ते बाजूने थेट पुढे. तेविसावा नंबर हा प्रकारच नाही. लायसन आहे, सोळाव्या वर्षी काढलेलं. मोटरसायकल घ्यायची का, यावर शांतपणे विचार करायचा. घाई नाही.

११ एप्रिल, दुपार
घ्यायची.

५ मे
विचार चालू. आई म्हणाली, एस्किल, पावसात काय करशील? म्हटलं, भिजेन. ती म्हणाली, वर्षातले दोनशे तीस दिवस? आईला आकडे कुठून मिळतात कोण जाणे.

२९ मे
यार्लेने बदला सुरू केला. धक्क्यावर कागद: ‘बोगद्याचं उद्घाटन १४ जून. फेरी कायमची बंद.’ शिक्का माझ्यापेक्षा बरा आहे, हे मान्य. वाचून मोठ्याने हसलो. आजूबाजूचे हसले नाहीत. सगळ्यांना सामील केलंय.

३ जून
आईसुद्धा फितूर. म्हणते, बोगदा होतोय तर मोटरसायकल कशाला? चेहरा एकदम सरळ. माझा गुण तिच्याकडूनच आलाय.

सतरा मेची, राष्ट्रीय दिनाची मिरवणूक कधीच होऊन गेली, तरी शाळेचा बँड रोज प्रॅक्टिस करतोय. चाळीस पोरं, एक ट्यूबा, आणि सगळं माझ्या एकट्यासाठी. यार्लेच्या मेहनतीला मानलं.

९ जून
ओडव्हारकाका आपली जुनी १२५ सीसी मोटरसायकल विकतायत. बघायला गेलो. म्हणाले, पोरा, तुला कशाला? मी धक्क्यावर यायला वापरायचो. आता फेरीच राहत नाही, म्हणून तर काढतोय. म्हातारासुद्धा सामील. मी डोळा मारला. ते म्हणाले, डोळ्यात काही गेलंय का?

१२ जून
घेतली. गुनवोरला सांगितलं, आजपासून उशीर हा शब्द विसर. ती म्हणाली, सोमवारी बघू.

१४ जून, सकाळी ६.१०
रांगेत पहिला. मागे कोणी नाही. पुढे फेरी पण नाही. लवकर आलो म्हणून असेल.

६.३५
ओडव्हारकाका आले. वेळापत्रकाचा बोर्ड काढून काखेत घेतला. म्हणाले, तू इथे काय करतोयस? सगळा गाव बोगद्याशी आहे. मी म्हटलं, काका, बास आता. तेवढ्यात लांबून ट्यूबा ऐकू आला.

१४ जून, संध्याकाळ
बोगदा खरा आहे. आत थंडी आहे. उतार छान, मग तळ, मग तीन किलोमीटर चढ. ओडव्हारकाकांची गाडी चढावर पायी चालणाऱ्याच्या वेगाने जाते. ओव्हरटेक करायला बंदी. वर आलो तेव्हा मागे एकतीस गाड्या. पहिलीत यार्ले. सहावीत गुनवोर.

कारखाना एकवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. उशीर सगळ्यांनाच झाला, म्हणजे तसा कोणालाच नाही, असं मी गुनवोरला समजावलं. तिने बर्फखान्याचे हातमोजे दिले.

१५ जून
यार्लेच्या गाडीत, मागे, मधे. तो म्हणाला, मी कागद लावलाच नव्हता रे. मला एवढं सुचत नाही.

२० जून
नाक लाल.

दुकानाच्या फळ्यावर मंगळवारी कागद लावला: ‘मोटरसायकल विकणे आहे. खरंच.’ पाच दिवस झाले, एक फोन नाही. लोक वाचतात, हसतात, एकमेकांना दाखवतात. आज आई दुकानातून सांगत आली, तुझा हा सगळ्यात चांगला जमलाय म्हणतात.

उद्या त्यावर शिक्का मारतो.