मशीन चालू असेपर्यंत

१४ सप्टेंबर १९७६, मंगळवार

आज मशीन दोन तास फिरली आणि एक झबलं शिवून झालं नाही! महिला मंडळानं दवाखान्यामागची खोली शिवणवर्गाला दिली, पण खरी शिकवणी वेगळीच. एकीनं पायडल मारायचं, बाकीच्यांनी विचारायचं. खडखडाटात बाहेर काही ऐकू जात नाही. कुणी खिडकीशी आलं की पायडलवालीनं जोर लावायचा, आम्ही लगेच काजं-बटणं.

सरकारी नियम असा, की हे सगळं लग्न झालेल्यांनाच सांगायचं. मग काय उपयोग? पाळी का येते हे सोळाव्या वर्षी ठाऊक नाही आणि सतराव्या वर्षी मांडीवर पोर. आजचा प्रश्न — "नर्सबाई, नुसता हात धरला तरी दिवस जातेत का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग नीट सांगितलं.

२८ सप्टेंबर, मंगळवार

कडूबांच्या लेकीचं, बेबीनंदाचं लग्न ठरलं. मुलगा बदनापूरचा, लग्न मार्गशीर्षात. हिची थोरली बहीण पंधराव्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात गेली, तेव्हापासून ही पोरगी भ्यालेली. आज म्हणाली, "बाई, मला दोन सालं तरी लेकरू नको. पण मालकाला सांगू कसं? मारील ना!"

निरोधची पाकिटं कपड्यात गुंडाळून देईन म्हटलं. पण नवऱ्याशी बोलायचं कसं? मला काय अनुभव! "पुढच्या मंगळवारी सांगते," म्हटलं.

निघताना हसत म्हणाली, "आमचा बा नसबंदीच्या जीपला भिऊन मळ्यातल्या माळ्यावर झोपून राह्यला. कोणाला सांगू नका हं!"

१ ऑक्टोबर

तालुक्याला मीटिंग. साहेब सगळ्यांदेखत — "प्रभावतीबाई, हसनाबादहून नसबंदीची एकही केस नाही. गावाला शिवणकाम शिकवताय का?" सगळे हसले. पगार अडवलाय, आता बदलीची धमकी. पार चांद्याकडे! अंथरुणाला खिळलेल्या आईला टाकून कशी जाणार?

"गावात पुरुष सापडतच नाहीत," मी म्हटलं.

"मग असतात कुठं?"

आणि मी सांगितलं. कडूबांचं नाव, मळा, माळा — सगळं. पाच लेकरं आहेत, ऑपरेशन झालं तर त्यांच्या बायकोचीच, गिरिजाबाईचीच सुटका, असं एसटीत स्वतःला समजावत आले. पटलं नाही.

२ ऑक्टोबर

पहाटे जीप आली. कडूबांना माळ्यावरून उतरवून नेलं. गिरिजाबाई मागं धावत होती. मी दवाखान्याचं दार लावून घेतलं.

५ ऑक्टोबर, मंगळवार

कुणी आलं नाही. एकटीच मशीन फिरवत बसले. मूर्ख!

११ ऑक्टोबर

टाके बघायच्या निमित्तानं कडूबांकडे गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. गिरिजाबाई दारातून हलली नाही. "बाई, ऑपरेशनचं एक वेळ गिळलं असतं. पण माळ्याचं आमच्या पोरीनं फक्त तुमालाच सांगितल्तं. मीच बाला धरून दिलं म्हणून ती रडून राह्यली."

बेबीनंदा आतच होती. बाहेर आली नाही. पाकिटं माझ्या पिशवीत होती, ती तशीच परत आणली. माफी मागायला गेले होते, ती न मागताच आले. लाज वाटते स्वतःची.

मंडळानं मशीन त्यांच्यातल्याच दुर्गाबाईंच्या घरी हलवली. मला कुणी विचारलंही नाही.

७ डिसेंबर

बेबीनंदाचं लग्न झालं. वाजंत्री दवाखान्यावरून गेली. मला बोलावणं नव्हतं — कशाला असेल?

नवऱ्याला कसं सांगायचं, या तिच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तशीच गेली पोरगी.

२९ मार्च १९७७

सरकार पडलं. जीप बंद झाली, साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "तुमचा शिवणवर्ग चांगला होता म्हणे, परत चालू करा!"

कुणासाठी?

२३ ऑगस्ट, मंगळवार

पंचमीला आलेल्या लेकी अजून माहेरीच आहेत. दुपारी दुर्गाबाईंच्या गल्लीतून चालले होते. आतून मशीनचा आवाज आला. खाली कापड नसलं की ती वेगळी वाजते, मला कळतं. आणि त्या खडखडाटातून बेबीनंदा बोलत होती — "बिलकुल भ्यायचं न्हाई. मालकाला पैलेच सांगायचं, माझी बहीण अशी गेल्ती, मला जगायचंय. माझ्या मालकानं ऐकलं बराबर! मंग..."

मी थबकले. इतकं साधं! मला सुचलं नव्हतं. पुढचं ऐकायला खिडकीजवळ सरकले.

कुणाला तरी माझी पांढरी साडी दिसली. मशीन एकदम जोरात फिरू लागली.